पाकळीचा ल

भिंतीला रंग लावण्याआधी तो ती बोटाच्या पेरांनी वाजवून बघायचा, कलिंगड बघावं तशी. ब्रश पुसायला खांद्यावर फडकं असलं तरी डाव्या हातावरच पुसायचा. त्या हातावर कायम चार रंगांचे पट्टे असत, आणि पेंटर काल कुठं काय करत होता ते गावाला त्यावरून कळायचं. चहा बशीत ओतला की समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत बसायचा; चहा गार व्हायचा, पाटी बघून व्हायची नाही. एसटीत खिडकी धरायचा. एखादा टेम्पो बाजूने गेला की शेजारच्याला सांगायचा, "त्याच्या 'क'च्या पोटात लात बसलीय बघा." शेजारचा घाबरून मागे बघायचा. काडेपेटी संपली की वरचं चित्र भिजवून अलगद सोलून काढायचा. साबणाच्या वड्यांचे कागद, सिनेमाची हँडबिलं, जुन्या कॅलेंडरांचे तुकडे, सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत. कुणी फोटो दाखवला तर आधी फोटोच्या कडा बघायचा, मग आतली माणसं. आणि काही आवडलं, मग ते काडेपेटीवरचं हरीण असो की बैलगाडीच्या फळीवरचं कमळ, एकच प्रश्न विचारायचा.

"हे कुणी काढलं असेल हो?"

उत्तर कुणाकडेच नसायचं. त्याला त्याचा राग यायचा. "फाशी देणाऱ्याचंबी नाव सरकारदप्तरी असतं," म्हणायचा. "हरीण काढणाऱ्याचं नाही."

तिसगावात त्याला पेंटर म्हणत. नाव दानीएल. वय पंचेचाळिसाच्या आसपास. अंगाने वाळका, मिशी बारीक, चालताना मान किंचित डावीकडे कललेली, कारण जगातली बहुतेक अक्षरं त्याला थोडी वाकडी वाटत आणि ती सरळ बघायची तर मान वाकवावी लागे.

राधाकृष्णची आणि त्याची ओळख झाली ती एका चुकीमुळे. चूक राधाकृष्णची.

एकाहत्तरच्या जूनमध्ये तो तिसगावच्या हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू झाला. नगरच्या कॉलेजातून नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला. अंगात नवा सदरा, डोक्यात कविता. पहिल्याच दिवशी बघतो तर शाळेच्या भिंतीवर एक माणूस शिडीवर उभा राहून 'हायस्कूल' लिहितोय. राधाकृष्ण थांबला. मास्तरकी नवी होती. चूक दिसली की सुधारायची हौस होती.

"अहो पेंटर, शेवटचा 'ल' चुकला तुमचा."

पेंटर शिडीवरून उतरला. सावकाश. डाव्या हातावर ब्रश पुसला.

"सलाम, मास्तर. काढून दाखवा की बरोबर."

राधाकृष्णने खडूने शिडीच्या पायरीवर 'ल' काढला. दोन वळणं आणि उजवीकडे खाली येणारा उभा दांडा. पेंटरने तो बघितला, भाजीतली अळी बघावी तसा.

"हा कुठून आणला?"

"पुस्तकातून. क्रमिक पुस्तकात असाच आहे."

"आणि घरी कसा काढतात?"

"घरी?"

"बाप पत्र लिहितो का तुम्हाला?"

"लिहितात."

"मग बघा त्यात. मी भिंतीवर पुसत नाही तोवर. उद्या सांगा."

राधाकृष्णच्या ट्रंकेत वडिलांची पन्नास-साठ कार्डं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती काढली. प्रत्येक कार्ड एकाच वाक्याने सुरू होत होतं: पत्र लिहिण्यास कारण की. आणि प्रत्येक 'लिहिण्यास'मधला 'ल' बिनदांड्याचा होता. मधे एक आखूड देठ, देठाला दोन बाजूंनी दोन पाकळ्या. पेंटरने भिंतीवर काढला होता तसाच. राधाकृष्ण कार्डं हातात धरून बसून राहिला. ही कार्डं त्याने कितीदा वाचली होती. वडिलांची भाषा, त्यांचं दुखणं, त्यांची काटकसर, सगळं त्यात वाचलं होतं. त्यांचा 'ल' बघितला नव्हता. चार वर्षं मराठी शिकलेल्या माणसाला मराठीत दोन 'ल' आहेत हे एका शिडीवरच्या माणसाने सांगावं, याची त्याला लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त म्हणजे तो चकित झाला. हा चकितपणा पुढे दोन वर्षं टिकला.

"सापडला?" पेंटरने विचारलं.

"सापडला. तुमचा बरोबर आहे."

"माझा नाही, मास्तर. आपला. तुमचा तो हिंदीवाल्यांचा. त्यांच्याकडं शोभतो. त्यांच्या घरातलं भांडं आहे ते, वाईट नाही. पण म्हणून आपलं टाकायचं?"

हा 'ल' त्याच्या हातात बापाकडून आला होता. बाप नगरला ख्रिस्ती दफनभूमीतल्या दगडांवर नावं कोरायचा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. पाद्रीसाहेब कागदावर लिहून देत, तो बघून कोरायचा. दानीएल लहानपणी कोरलेल्या खाचांमधला भुगा बोटाने काढायचा. त्यामुळे अक्षरं त्याला आधी बोटाने कळली, डोळ्यांनी नंतर, आणि त्यांचा अर्थ सगळ्यात शेवटी. "बापाला वाटायचं, 'ल' हे फूल आहे," तो सांगायचा. "मेलेल्या माणसाच्या नावात मधेच फूल काढायची पद्धत असेल, असं त्याला वाटायचं."

रविवारी चर्चमधून आला की पेंटर मास्तरला घेऊन पाट्या बघायला निघायचा. इतर लोक देऊळ बघायला जातात, डोंगर बघायला जातात. हे दोघं तिसगावच्या बाजारपेठेतून चालत आणि केशकर्तनालयाच्या पाटीखाली पंधरा मिनिटं थांबत. न्हावी आतून ओरडायचा, "अवो, बसा तरी! का नुसतं बाहेरूनच दाढी करून घेताय?" एका शिंप्याच्या पाटीवर कोट घातलेला माणूस होता, त्याचा एक हात आखूड. सगळं गाव त्याला हसायचं. पेंटर म्हणाला, "हसू नका. कोटाच्या घड्या बघा. हाताला जागा उरली नाही, पण कापड कसं पडतं ते त्या माणसाला कळलेलं आहे." मास्तरने बघितलं. खरंच कळलेलं होतं. त्यानंतर तो शाळेत फळ्यावर 'ल' काढताना थबकू लागला, आणि एक दिवस पोरांना त्याने दोन्ही 'ल' शिकवले. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, परीक्षेत कोणता काढायचा. मास्तर म्हणाला, दोन्हींना मार्क देईन.

मग त्र्याहत्तर साल उजाडलं. पाऊस दोन वर्षं रुसलेला. दुकानदार पाट्या रंगवत नव्हते. पाटीखाली विकायलाच काही नव्हतं. पेंटरची बायको दया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. अशात मार्चमध्ये पेंटरला सरकारी काम मिळालं. आजूबाजूच्या अकरा गावांत अकरा भिंती. प्रत्येकीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि खाली एक ओळ: लहान कुटुंब, सुखी कुटुंब. ओळीबरोबर पत्र्याचा एक साचाही आला होता. अक्षरं त्यात कापलेली. भिंतीवर धरायचा, वरून रंग फिरवायचा, झालं.

साच्यातला 'ल' दांड्याचा होता.

पेंटरने साचा घरी ठेवला आणि तिसगावच्या चावडीची भिंत हाताने रंगवली. पांढऱ्या चुन्यावर निळी अक्षरं, हाताच्या तळव्याएवढाली नव्हे, चांगली हातभर उंच. 'लहान'चा 'ल' असा उमलला होता की चावडीत कामाला येणारा माणूसही क्षणभर थांबायचा. तिसऱ्या दिवशी नगरहून प्रचाराचे साहेब आले. जीपमधून उतरले, चष्मा वर केला.

"हा 'ल' कुठला, पेंटर?"

"इथलाच, साहेब."

"साच्यात असा नाही."

"साचा चुकलाय."

"साचा वरून आलाय!"

"वरूनही चुकतं, साहेब. पाऊस बघा की."

चावडीतले दोघं-तिघं हसले. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते वाईट नव्हते; त्यांना जिल्हाभर एकसारख्या भिंती हव्या होत्या, एवढंच. एकसारखेपणा हेच त्यांचं काम होतं.

"हे बघा, शासनाने लिपी ठरवून दिलेली आहे. तुमच्या-माझ्या आवडीचा प्रश्न नाही."

"उद्या शासनानं ठरवलं की माणसाला कान एकच, तर मी चित्रात दुसरा काढायचा नाही का?"

"वाद नको. पुसा तो."

पेंटरने चुन्याचा कुंचला घेतला आणि 'ल' पुसला. सगळ्यांदेखत. साहेबांनी जीपमधून दुसरा साचा काढून पुढे केला.

"आता हा लावा."

"पुसा म्हणालात, पुसला. लावायचा नाही मी."

"अहो, शब्द अर्धा राहील!"

"राहू द्या. ज्याचा शब्द त्यानं पुरा करावा."

साहेबांनी साचा चावडीच्या पायरीवर ठेवला. मेअखेर मोठ्या साहेबांना घेऊन भिंती बघायला येईन, म्हणाले. तेव्हा साच्यातला 'ल' प्रत्येक भिंतीवर दिसला नाही तर या भिंतींचा मोबदला नाही, आणि यापुढे जिल्ह्यात सरकारी भिंतही नाही. जीप गेली. पेंटरने हाही साचा घरी नेला आणि त्याने चुन्याची बादली झाकायला सुरुवात केली.

पुढच्या दहाही गावांत त्याने तसंच केलं. त्रिकोण काढला, ओळ लिहिली, आणि 'ल'ची जागा कोरी सोडली. बरोबर एका 'ल'एवढी, कमी नाही, जास्त नाही.

मास्तरने समजावून बघितलं. "दानीएलभाऊ, एक अक्षर आहे. घरात खडीवरची मजुरी येते तेवढीच. लावून टाका."

"मास्तर, जागा रिकामी आहे. खोटी नाही."

"पण काम जाईल."

"जाईल. पण माझ्या हातानं तो दांडा उभा राहणार नाही. सगळीकडं तोच उभा राहिला तर शंभर वर्षांनी कुणाला ठाऊकच नसेल की इथं फूल होतं. कुणीतरी एकानं म्हणायला नको का, की मी नाही पुसलं?"

"तुम्हीच तर पुसलंत."

पेंटर हसला. "पुसलं. लावलं नाही. यात फरक आहे, बी.ए. मास्तर."

चुलीपुढून दया म्हणाली, "मास्तर, तुमी कशाला तोंड वाजवताय? आमच्या ह्यांनी लग्नातबी पत्रिका तीनदा परत धाडली हुती छापखान्यात. पाव्हणे आले, पत्रिका न्हाई आली."

इथवर सगळं पेंटरच्या आणि साहेबांच्या मधलं होतं. पण अक्षर भिंतीवर लिहिलं की ते लिहिणाऱ्याचं राहत नाही. ते वाचणाऱ्याचं होतं. आणि पेंटर एक गोष्ट विसरला होता: तो स्वतः भिंती वाचत नसे. बघत असे.

'लहान'मधला 'ल' गेला की उरतं 'हान'.

या भागात बोलताना 'ण'चा 'न' होतो. 'हाण' म्हणजे मार. ते तोंडात 'हान' होतं. आणि कुटुंब म्हणजे घर जसं, तशी बायकोही. अकरा गावांच्या अकरा भिंतींवर, लाल त्रिकोणाखाली, हातभर उंचीच्या सुंदर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: हान कुटुंब, सुखी कुटुंब.

महिना-दीड महिना कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग ते आलं बन्सीच्या. बन्सी चौथी शिकलेला, पिऊन तर्र असला की मोठ्याने वाचायची खोड. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने चावडीसमोरच बायकोला मारलं. चांगुणा तिचं नाव. लोक सोडवायला धावले तेव्हा बन्सीने भिंतीकडे बोट केलं.

"मला काय धरता? सरकारनंच लिवलंय. वाचा! हान कुटुंब, सुखी कुटुंब!"

लोक हसले. हसू आलं हेच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी दुष्काळी कामावर गडी एकमेकांना म्हणत होते, "काय रं, हुकूम पाळलास का न्हाई?" तिसऱ्या दिवशी शेजारच्या करंजी गावाहूनही तोच विनोद फिरून आला.

बुधवारी संध्याकाळी पेंटरच्या अंगणात दहा-बारा बाया उभ्या राहिल्या. मास्तर तिथेच चहा पीत बसला होता. पुढे भीमाबाई, खडीवरच्या बायांच्या टोळीची म्होरकी. हातात अजून हातोडी.

"पेंटर, भाईर या."

पेंटर बाहेर आला. "काय झालं, भीमाबाई?"

"बायकांला मारायचं शिकवाया लागला का तुमी भितीवर?"

"मी? मी कुठं काय..."

"हान कुटुंब म्हंजी काय वो? आमी अडानी, तुमी सांगा."

"ते 'हान' नाही. ते 'लहान' आहे."

"मंग 'ल' कुठं हाय त्यातला?"

पेंटरने दाराकडे बघितलं.

"त्यो साह्यबाकडं हाय," दया दारातून म्हणाली.

"साह्यबाकडं आसू दे न्हाईतर पाद्र्याकडं. हिच्याकडं बगा." भीमाबाईने मागून एका बाईला पुढे ओढलं. चांगुणा. डावी भुवई सुजून डोळ्यावर आलेली. ती खाली बघत होती.

पेंटरने तिच्याकडे बघितलं. मग तो चावडीकडे चालायला लागला. बाया मागे, मास्तर मागे. भिंतीसमोर तो उभा राहिला. मान सरळ होती. मास्तरने त्याची मान सरळ असलेली पहिल्यांदाच पाहिली. तो ओठ हलवत, बोट फिरवत, पहिलीतल्या पोरासारखा वाचत होता.

"हा... न..."

पुढचं त्याने वाचलं नाही.

"मी जागा बघितली," तो मास्तरला म्हणाला. "शब्द नाही बघितला."

"आता?" भीमाबाई म्हणाली.

"आता भरतो."

"कवा?"

"आत्ता."

मास्तरला वाटलं, संपलं. साच्यातला 'ल' लागणार. एका अर्थी त्याला बरंही वाटलं. दयाची खडी सुटेल, साहेब खूश होतील, बायांचं काम होईल. भीमाबाईला तर कुठलाही 'ल' चालणार होता. ती तसं म्हणालीही: "कंचाबी घाला, पन घाला."

पेंटरने कोळशाचा तुकडा घेतला. चावडीच्या फरशीवर दोन 'ल' काढले, शेजारी शेजारी. एक पाकळ्यांचा, एक दांड्याचा. दोन्ही सारख्याच मायेने काढले. त्यात लबाडी केली नाही. मग तो चांगुणाकडे वळला.

"बाई, तू सांग. यातला कोणता घालू?"

"मला काय कळतंय वो, दादा. मला वाचता येत न्हाई."

"वाचू नको. बघ."

चांगुणा खाली वाकली. एका डोळ्याने बघू लागली, दुसरा उघडत नव्हता. सगळे थांबले. हातोडी घेतलेल्या बाया, चावडीचा शिपाई, लांब उभा राहिलेला बन्सी. तिने दांड्याच्या 'ल'वर बोट ठेवलं.

"ह्यो नगं."

"का?"

"ह्येच्या हातात काठी हाय."

पेंटर फरशीवर उकिडवा बसला होता, तसाच बसून राहिला. मास्तरने अक्षरांवरची पुस्तकं वाचलेली नव्हती, पण कवितेवरची बरीच वाचली होती. एवढं नेमकं त्यात कुणी लिहिलेलं त्याला आठवेना.

"आन् ह्यो?" भीमाबाईने दुसऱ्याकडे बोट केलं.

"ह्यो रिकाम्या हातानं आलाय," चांगुणा म्हणाली. "ह्यो घाला."

अंधार पडायच्या आत चावडीवरचा 'ल' भरून झाला. बाया घरी गेल्या नाहीत. रंग ओला होता तोवर भीमाबाईने बन्सीला मानेला धरून भिंतीपुढे उभं केलं.

"वाच आता."

"लहान कुटुंब..." बन्सी पुटपुटला.

"त्या दिशी आवाज मोटा हुता तुजा. काढ की!"

"लहान कुटुंब, सुखी कुटुंब!"

"पयल्यापास्नं. धा बार."

त्याने दहादा वाचलं. बाया मोजत होत्या.

गुरुवारी सकाळी शिपाई चिठ्ठी घेऊन आला. साहेब सोमवारी मोठ्या साहेबांसह येणार. सर्व भिंतींवर साच्याप्रमाणे 'ल' असल्याची खात्री करावी. पेंटरने चिठ्ठी उलटी केली, कोऱ्या बाजूवर ब्रशने एकच पाकळ्यांचा 'ल' काढला, वाळवला आणि शिपायाच्या हातात ठेवला.

"हे उत्तर."

"यात काय लिवलंय?"

"त्यांना वाचता येतं."

दहा गावं, चार दिवस. सायकलला रंगाचा डबा, चुन्याची बादली, मागे दोरीने बांधलेली आखूड शिडी. गुरुवारी त्याने तीन भिंती केल्या. शुक्रवारी तीन. शुक्रवारी मास्तरही आपली सायकल काढून बरोबर गेला. शाळेला सुट्टी होती आणि त्याला ही अक्षरं लागताना बघायची होती. मिरी गावच्या भिंतीसमोर दुपारचे बारा वाजलेले. सावली म्हणून कुठे नाही. पेंटरने खांद्यावरची पाण्याची बाटली काढली आणि सगळी निळीच्या डब्यात ओतली.

"अहो, प्यायचं पाणी ते!"

"रंगाला पाणी लागतं."

"गावात मागू की."

"कुणाकडं? टँकर परवा आला होता म्हणतात. बायका हंडा-हंडा भांडून पाणी घेतात. त्यांच्यासाठीच लिहायचं आणि त्यांच्याच हंड्यातलं मागायचं? तोंड होत नाही, मास्तर."

"मग संध्याकाळी करू. ऊन उतरू द्या."

"संध्याकाळी करंजीची करायची आहे. आणि उन्हात रंग बरा बसतो." तो शिडीवर चढला. वरून म्हणाला, "साहेबाला वाटतं मी एक अक्षर अडवून धरलंय. त्याला अकरा दाखवतो."

शनिवारी त्याने आणखी तीन केल्या. रात्री घरी आला तेव्हा भाकरी गेली नाही. दयाने डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, दोन तांबे पाणी पाजलं आणि उद्या हलायचं नाही म्हणून सांगितलं. शिराळची एकच भिंत राहिली होती.

"उद्या रविवार हाय. चर्च हाय. परभूचा तरी मान ठेवा."

"त्याला माझा सलाम सांग. भिंत करून येतो म्हणावं."

"एक भित न्हाई झाली तर काय आभाळ पडतंय?"

"दया, दहावर पाकळी आणि एकीवर साहेबाची काठी? शिराळच्या बायांनी काय केलंय?"

सकाळी तिने बाटली भरून दिली आणि बजावलं, ही प्यायची, रंगात घालायची नाही. तो व्हय म्हणाला.

मास्तर त्या दिवशी नगरला गेला होता, वडिलांकडे. सोमवारी दुपारी परतला तेव्हा त्याला कळलं. पुढचं सगळं त्याने ऐकलेलं आहे, आणि प्रत्येकाकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलेलं आहे, कारण पहिल्या खेपेला त्याला ते ऐकू आलं पण समजलं नाही.

शिराळला रविवारी दुपारी एकच्या सुमारास पेंटर शिडीवर होता. तिथल्या एका म्हातारीने, गोजरबाईने, त्याला उतरून सावलीत बसायला सांगितलं. तो म्हणाला, झालंच. थोड्या वेळाने ती परत बघायला आली तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला होता, ब्रश हातात, अंग तव्यासारखं. घाम नव्हता. बाटली रिकामी, निळीचा डबा भरलेला. गोजरबाईने आपल्या हंड्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, सगळं. एका टेम्पोतून त्याला पाथर्डीच्या दवाखान्यात न्यायला निघाले. वाटेत तिसगाव लागतं. तिसगाव यायच्या आतच तो गेला होता.

सोमवारी साहेब आले. मोठे साहेब आले नाहीत, त्यांना दुसरीकडे काम निघालं. साहेबांनी एकामागून एक दहा भिंती बघितल्या. पेंटर गेल्याचं त्यांना तिसगावातच कळलं होतं. भिंतींबद्दल ते कुठेही काही बोलले नाहीत. संध्याकाळी शिराळला पोचले. जीपमधून साचा काढून त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिला, अर्धं काम बरं दिसत नाही म्हणाले. भिंतीपुढे गोजरबाई बसली होती. तिच्याशेजारी गावातल्या बऱ्याच बाया. आणि दया. पांढऱ्या लुगड्यात, काल माती दिलेला हात अजून धुतलेला नव्हता.

"साह्यब, त्याला हात लावायचा न्हाई," दया म्हणाली.

"बाई, मी फक्त पूर्ण करतोय. तुमच्या मालकांचंच काम."

"त्यांचं काम असल्या पत्र्यानं पुरं हुईत न्हाई."

"मग कोण करणार?"

"कुनी न्हाई. ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी साचा परत जीपमध्ये ठेवायला सांगितलं.

मास्तर दुसऱ्या दिवशी शिराळला गेला. भिंतीसमोर उभा राहिला. लाल त्रिकोण होता. खाली सगळी ओळ निळी, घट्ट, सरळ. ओळीच्या सुरुवातीला कोळशाने आखलेला 'ल'. देठ भरून झाला होता. डावी पाकळी भरून झाली होती, कडेपर्यंत, कुठेही रंग बाहेर न सांडता. उजवी पाकळी निम्म्यावर थांबली होती. तिच्यात ब्रशचा शेवटचा फटकारा वरून खाली येत होता, आणि कोळशाच्या रेघेपर्यंत पोचला नव्हता.